नाव झाकून वाचलेला मॅक्लीन

मोठ्या लेखकाचे प्रत्येक पुस्तक मोठे नसते, हे तोंडाने सगळेच मान्य करतात. पण पुस्तक निवडायची वेळ आली की हात जातो तो मुखपृष्ठावरच्या नावाकडे. नाव ओळखीचे असले की आतला माल तपासायची गरज वाटत नाही. बाजारात तांदूळ घेताना मूठभर हातावर घेऊन, दाणा दाताखाली फोडून पाहणारी आपली माणसे पुस्तकाच्या बाबतीत एवढी भोळी का होतात, याचे मला नवल वाटते.

वाचक बंधू-भगिनींनो, आज मी ज्या लेखकाविषयी लिहिणार आहे त्याचे नाव अॅलिस्टर मॅक्लीन. इंग्रजीत साहसकथा लिहिणारा हा स्कॉटलंडचा लेखक. 'द गन्स ऑफ नॅव्हरोन' किंवा 'व्हेअर ईगल्स डेअर' हे चित्रपट ज्यांनी पाहिले असतील त्यांनी त्याची गोष्ट पाहिलेली आहे, मग नाव ठाऊक असो वा नसो. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या थप्प्या लागत, त्यांत त्याची पुस्तके हमखास सापडत. १९९८ ते २००० या काळात दिवसा नोकरी आणि संध्याकाळी कॉलेज करताना मी ती दहा-पंधरा रुपयांना घेऊन वाचली. माझे इंग्रजी पाठ्यपुस्तकांनी सुधारले नाही तेवढे या पुस्तकांनी सुधारले. तेव्हा मी या लेखकाचा ऋणी आहे. पण ऋणी माणसानेही हिशेब चोख ठेवावा, हे आमच्या कारकुनी पेशात पहिल्या दिवशी शिकवतात. गेल्या वर्षभरात त्याची चौदा पुस्तके मी पुन्हा वाचून काढली. त्यांचा हा जमाखर्च.

कोण हा मॅक्लीन?

मॅक्लीनचा जन्म १९२२ साली ग्लासगो शहरात झाला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. बालपण उत्तर स्कॉटलंडमध्ये, इनव्हरनेसजवळच्या ग्रामीण भागात गेले. घरात बोलली जाई ती गेलिक भाषा. इंग्रजी ही त्याची मातृभाषा नव्हती, ती त्याने नंतर मिळवलेली भाषा होती. ज्यांच्या मुलांना घरी इंग्रजीचा शब्दही ऐकू येत नाही, अशा आईबापांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. ज्याच्या पुस्तकांच्या पुढे कोट्यवधी प्रती खपल्या, त्यानेही इंग्रजी शिकूनच घेतले होते.

१९४१ साली तो ब्रिटिश आरमारात भरती झाला. 'रॉयलिस्ट' नावाच्या युद्धनौकेवर टॉर्पेडो विभागात त्याने काम केले. अधिकारी म्हणून नव्हे, साधा नौसैनिक म्हणून. उत्तर ध्रुवाकडच्या गोठलेल्या समुद्रातून रशियाला माल पोचवणाऱ्या जहाजांच्या ताफ्यांना संरक्षण देण्याचे काम या नौकेने केले. पुढे ती ग्रीसजवळच्या एजियन समुद्रात आणि मग पूर्वेकडेही गेली. युद्ध संपल्यावर मॅक्लीनने ग्लासगो विद्यापीठात इंग्रजी साहित्याचा अभ्यास केला आणि शाळामास्तर झाला. १९५४ साली 'ग्लासगो हेरल्ड' या वृत्तपत्राच्या कथास्पर्धेत त्याच्या एका समुद्रकथेला शंभर पौंडांचे बक्षीस मिळाले. ती वाचून कॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने त्याला कादंबरी लिहायला सांगितले. १९५५ साली ती आली. नाव 'एच.एम.एस. युलिसिस'. पहिल्या सहा महिन्यांत तिच्या अडीच लाख प्रती खपल्या. त्यानंतर त्याने मास्तरकी सोडली. १९८७ च्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या म्युनिक शहरात तो वारला, तोवर बहुतेक दरवर्षी त्याचे एक पुस्तक येत राहिले. मधली दोन-तीन वर्षे लेखन थांबवून त्याने हॉटेलचा धंदाही करून पाहिला.

मामांचे कान

आता माझ्या थोरल्या मामांविषयी सांगितले पाहिजे, कारण मॅक्लीनची खरी पारख त्यांनी केली.

मामा रत्नागिरी जिल्ह्यातले. विसाव्या वर्षी ते बोटीवर गेले आणि पन्नाशीला कायमचे परतले. सगळी नोकरी इंजिनखात्यात, आधी आगवाला आणि मग तेलवाला म्हणून. शिक्षण चौथी. मराठी पेपर अडखळत वाचायचे, इंग्रजी अक्षर ओळखीचे नव्हते. १९९९ साली मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले म्हणून दीड-दोन महिने ते आमच्या घरी राहिले. डोळ्यावर हिरवी पट्टी, टीव्ही बंद, वेळ जाता जाईना. तेव्हा रात्री जेवणानंतर मी हातातले पुस्तक त्यांना मराठीत सांगत सुटायचो. एक वाक्य इंग्रजीत वाचायचे आणि त्याचे मराठी करून बोलायचे. माझाही अभ्यास होई.

लेखक कोण, त्याचे नाव काय, तो किती प्रसिद्ध आहे, हे मामांनी कधी विचारले नाही. त्यांच्यापुढे फक्त गोष्ट होती आणि तीस वर्षांचा समुद्र. 'युलिसिस'ची पहिली तीस-चाळीस पाने झाल्यावर ते म्हणाले, "ह्यो बोटीवर ऱ्हायलेला मानूस हाय. ऐकीव न्हाय सांगत."

काय आहे त्या पुस्तकात? युलिसिस ही ब्रिटिश युद्धनौका. एका पाठोपाठ एक फेऱ्यांनी तिच्यावरची माणसे इतकी थकलेली आहेत की त्यांनी बंड केले आहे. लंडनहून एक बडा अधिकारी येतो आणि सगळ्यांना भित्रे ठरवू पाहतो. तेव्हा नौकेवरचा डॉक्टर त्याला तोंडावर सांगतो की ही माणसे भित्री नाहीत. थंडी, जागरण आणि सततचा ताण यांनी त्यांची शरीरे आतून संपली आहेत. शिक्षा म्हणून त्याच नौकेला पुन्हा मुर्मान्स्क बंदराकडे जाणाऱ्या ताफ्याबरोबर धाडले जाते. ताफ्याचे नाव कल्पित, एफ.आर. ७७. पण असे ताफे खरोखर गेले होते. १९४२ च्या पी.क्यू. १७ या ताफ्यातली बहुतेक व्यापारी जहाजे जर्मन पाणबुड्यांनी आणि विमानांनी बुडवली होती.

ऑफिसातला साहेब कामगाराला कामचोर म्हणतो आणि कामगाराच्या अंगात काय उरले आहे हे फक्त डॉक्टरला दिसते, हा प्रसंग मी मराठीत सांगितला तेव्हा मामा पलंगावर उठून बसले. नौकेचा कॅप्टन क्षयाने खंगलेला, रक्त ओकणारा. तरीही तो दुसऱ्याच्या आधाराने नौकेच्या तळापर्यंत जातो आणि खालच्या प्रत्येक माणसाशी बोलून येतो. मामा म्हणाले, "आमच्याकडं असा कप्तान खाली कधी आला न्हाय. पन आला असता तर पोरं त्याच्यासाठी मेली असती." लेखकाला वाचकाच्या मनात नेमके हेच आणायचे होते.

त्याच पुस्तकात राल्स्टन नावाचा तरुण आहे, टॉर्पेडो विभागातला. आई आणि बहिणी बॉम्बहल्ल्यात गेलेल्या. ताफ्यातले एक तेलवाहू जहाज पेट घेते. त्या उजेडात शत्रूला बाकीची जहाजे दिसतील, म्हणून ते आपल्याच टॉर्पेडोने बुडवायचा हुकूम सुटतो. तो पाळायची वेळ राल्स्टनवर येते. तो पाळतो. मग कळते की त्या जहाजाचा कप्तान त्याचा बाप होता.

त्या रात्री मी पुस्तक मिटले तरी मामा बराच वेळ बोलले नाहीत. समुद्राने आमच्या घरी तोवर आणले होते ते दोन ब्लँकेट, एक ट्रान्झिस्टर आणि बिस्किटांचे पत्र्याचे डबे. गोष्ट एकही आणली नव्हती. त्या रात्री मामांनी पहिल्यांदा सांगितले. शेजारच्या गावचा एक तेलवाला त्यांच्याबरोबर होता. वाफेचा पाइप फुटून तो भाजला. बंदर चार दिवस लांब. तिसऱ्या दिवशी तो गेला. सारंगाने आणि मामांनी त्याला ताडपत्रीत शिवला, पायाशी लोखंड बांधले आणि समुद्राला दिला. त्यानंतर तासाभरात मामा परत खाली इंजिनावर गेले, कारण बदली द्यायला माणूस नव्हता. "घरी कागुद लिवायचा व्हता," ते म्हणाले, "आनी मला लिवायला येत न्हवतं." ते पत्र कुणी तरी दुसऱ्याने लिहिले. त्यात काय लिहिले हे मामांना अखेरपर्यंत कळले नाही.

मॅक्लीनला हा भाजलेला तेलवाला माहीत असणे शक्य नव्हते. पण त्याने आपल्या बोटीची गोष्ट खरी लिहिली, म्हणून माझ्या मामांना स्वतःच्या बोटीची गोष्ट सांगता आली. चांगल्या पुस्तकाची याहून मोठी खूण मला ठाऊक नाही.

कसदार पुस्तके

'युलिसिस' हे त्याचे सर्वांत चांगले पुस्तक, यात मला शंका नाही. त्याच्या पाठोपाठ मी आणखी तीन पुस्तके ठेवतो.

पहिले 'द गन्स ऑफ नॅव्हरोन', १९५७ चे. एजियन समुद्रातल्या खेरोस बेटावर बाराशे ब्रिटिश सैनिक अडकले आहेत. त्यांच्या सुटकेच्या वाटेवर नॅव्हरोन बेटावरच्या दोन प्रचंड तोफा आहेत. मूठभर माणसांनी कडा चढून त्या उडवायच्या. बेटे कल्पित आहेत, पण तो समुद्र मॅक्लीनने पाहिलेला. वरवर पाहता ही शौर्याची गोष्ट. परंतु माझ्या मनात राहिला तो स्टीव्हन्स नावाचा तरुण अधिकारी. त्याला भीती वाटते आणि आपली भीती इतरांना कळेल याची त्याहून जास्त भीती वाटते. कड्यावरून पडून त्याचा पाय मोडतो. शेवटी इतरांना निसटता यावे म्हणून तो एकटा मागे थांबतो, आणि तेव्हा त्याच्या मनात भीती उरलेली नसते. साहसकथेत भित्र्या माणसाला एवढा मान देणे ही साधी गोष्ट नव्हे.

दुसरे 'नाईट विदाऊट एन्ड', १९५९ चे. ग्रीनलंडच्या बर्फावर शास्त्रज्ञांचे छोटे केंद्र आहे. जवळच एक प्रवासी विमान कोसळते. वाचलेल्या प्रवाशांत खुनी आहेत, पण कोण ते ठाऊक नाही. बिनतारी यंत्र फुटलेले, अन्न मोजके आणि किनारा दूर. एका जुनाट ट्रॅक्टरवरून सगळ्यांना न्यायचे. एका प्रवाशाला मधुमेह आहे, त्याला इन्शुलिन लागते. इथे रहस्याइतकीच थंडीही गोष्ट पुढे नेते. माणसाला श्वास घ्यायला, हात चालवायला, दुसऱ्याचा विचार करायला किती कष्ट पडतात हे पानोपानी दिसते. आणि बर्फातले खरे ज्ञान आहे ते जॅकस्ट्रॉ या ग्रीनलंडच्या स्थानिक माणसाकडे. साहेबांना वाट तो दाखवतो.

तिसरे 'फिअर इज द की', १९६१ चे. एक माणूस बिनतारी यंत्रावरून एका विमानाशी बोलतो आहे. त्या विमानात त्याचे कुटुंब आहे, आणि त्याच्या कानादेखत ते विमान पाडले जाते. पुढची गोष्ट एका गुन्हेगाराची वाटते. तो असा का वागतो आहे हे कळायला बराच वेळ लागतो. शेवट समुद्राच्या तळाशी, एका बंद पाणबुडी-यंत्रात होतो. गुंतागुंत पुष्कळ आहे, पण पायथ्याशी दुःख खरे आहे, म्हणून इमारत उभी राहते.

यांच्या खालच्या फळीवर 'साऊथ बाय जावा हेड' (१९५८), 'आईस स्टेशन झेब्रा' (१९६३) आणि 'व्हेन एट बेल्स टोल' (१९६६). पहिल्यात १९४२ साली सिंगापूर पडल्यानंतर पळणाऱ्यांची होडीतली तहान, दुसऱ्यात बर्फाखालून जाणारी अणुपाणबुडी आणि तिसऱ्यात स्कॉटलंडच्या पश्चिमेचा अवघड समुद्र. तिन्ही वाचनीय आहेत.

उतरण कुठे लागली?

१९६१ साली 'नॅव्हरोन'वर चित्रपट आला आणि जगभर चालला. त्यात काही बदल केले होते. उदाहरणार्थ, कादंबरीतला फितूर हा पुरुष आहे, चित्रपटात त्याच्या जागी स्त्री आली. कादंबरीत नसलेली मारिया नावाची स्त्रीही चित्रपटात आली. चित्रपटवाल्यांनी काय करावे हा त्यांचा प्रश्न. पण १९६८ साली मॅक्लीनने 'फोर्स टेन फ्रॉम नॅव्हरोन' हा पुढचा भाग लिहिला, तेव्हा तो स्वतःच्या कादंबरीचा पुढचा भाग नव्हता, चित्रपटाचा होता. त्यात आंद्रिया लग्न करतो ते याच मारियाशी! लेखकाने स्वतःच्या पुस्तकाऐवजी पडदा प्रमाण मानला, याचा एवढा स्वच्छ पुरावा क्वचितच मिळेल.

'व्हेअर ईगल्स डेअर'ची गोष्ट तर आधी चित्रपटासाठीच लिहिली गेली आणि १९६७ साली कादंबरी म्हणून आली. वेग विलक्षण. रेल्वेत हातात घेतली तर उतरायचे स्टेशन चुकेल. पण तिच्यातला नायक पहा. त्याला सगळे आधीपासून माहीत असते. तो थकतो, पण त्याच्या थकव्याची आपल्याला काळजी वाटत नाही. स्टीव्हन्सच्या भीतीची जागा आता हुशारीने घेतली आहे.

तरी इथपर्यंत ठीक होते. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ही पद्धतच होऊन बसली. 'द गोल्डन गेट', १९७६. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष आणि त्याचे तेलसंपन्न अरब पाहुणे सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रसिद्ध पुलावर ओलीस धरले जातात. कल्पना झकास आहे. पण पुलावर कुणालाच खरी भीती वाटत नाही, सगळे एकमेकांशी चटपटीत बोलत राहतात. 'गुडबाय कॅलिफोर्निया'. अणुबॉम्बने भूकंप घडवण्याची धमकी. धोका लाखो माणसांना, पण त्यांतला एकही माणूस आपल्या ओळखीचा होत नाही. 'अथाबास्का', १९८०. तेलाच्या खाणी आणि पाइपलाइन यांच्या माहितीचे ओझे गोष्टीच्या डोक्यावर. 'फ्लडगेट', १९८३. हॉलंडचे बंधारे फोडून देश बुडवण्याचा कट, पण निम्मे पुस्तक खोल्यांमध्ये बसून बोलण्यात जाते. अखेरचे 'सँटोरिनी', १९८६. तिथे तर समुद्रही पडद्यावर रंगवल्यासारखा.

यांतले 'गोल्डन गेट' मी मामांना सांगायला घेतले होते. दुसऱ्या रात्री त्यांनी हात वर केला. "ह्या मानसाला भूक लागत न्हाय, झोप येत न्हाय. मानूस हाय का मशीन? ऱ्हाऊ दे. त्या बर्फातलंच परत सांग." हे पुस्तक आणि 'बर्फातलं' पुस्तक एकाच लेखकाचे आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. मी सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "मग आता त्यो बोटीवरनं उतारलाय."

कारणे सोपी नाहीत

मामांचे म्हणणे मला फार आवडते, पण ते पूर्ण उत्तर नाही. मॅक्लीन पैसा आल्यावर समुद्रापासून दूर, स्वित्झर्लंडमध्ये राहायला गेला हे खरे. परंतु तो गेला १९५० च्या दशकातच, आणि चांगली पुस्तके त्यानंतरही आली. दारूने त्याला पोखरले हेही खरे आणि जगजाहीर आहे. दारूने माणसाचे काय होते हे आपल्या वस्त्यांना नव्याने सांगायला नको. पण तेवढ्यावर सगळे ढकलणेही सोपे झाले. तो स्वतःला कादंबरीकार म्हणवत नसे, मी गोष्ट सांगणारा आहे असे म्हणे, आणि झपाट्याने लिहून मोकळा होई.

माझ्या मते एक कारण आपल्याशीही संबंधित आहे. १९६१ आणि १९६२ साली मॅक्लीनने 'द डार्क क्रुसेडर' आणि 'द सेटन बग' ही दोन पुस्तके इयान स्टुअर्ट या खोट्या नावाने छापली. आपली पुस्तके नावावर खपतात की गुणावर, हे त्याला पाहायचे होते. पुस्तके चालली. केवढा प्रामाणिक प्रयोग! नाव पाहून माणसाची किंमत ठरते तेव्हा काय वाटते, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. इथे तर एका यशस्वी माणसाने आपले नाव आपण होऊन उतरवून ठेवले आणि म्हणाला, आता तोला.

त्याच लेखकाची पुढची पुस्तके पहा. मुखपृष्ठावर नाव मोठे, पुस्तकाचे शीर्षक लहान. आणि तीही खपतच राहिली. वाचकाने एकदाही परत पाठवले नाही. प्रत्येक फेरीला तेवढीच मजुरी मिळत असेल तर मेहनत कमी करायचा मोह कुणाला होत नाही? लेखकाची उतरण त्याची एकट्याची नव्हती. आपण वाचकांनी तिला पैसे मोजले.

चांगल्यातही काय नाही

हिशेब चोख ठेवायचा तर चांगल्या पुस्तकांच्या खात्यातही काही नावे टाकली पाहिजेत. मॅक्लीनच्या गोष्टीत स्त्रिया फार थोड्या, आणि ज्या आहेत त्यांना बहुधा वाचवले जाण्यापलीकडे काम नाही. 'साऊथ बाय जावा हेड'मधल्या जपान्यांकडे त्याने शत्रू म्हणूनच पाहिले. आणि आणखी एक. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हजारो हिंदी खलाशी होते. इंजिनाच्या उष्णतेत तेही मेले. मॅक्लीनच्या गोष्टींच्या मध्यभागी तो खलाशी नाही. मामांना मी हे बोललो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "त्यानं त्याची मानसं लिवली. आपली कोन लिवनार?" हा प्रश्न मॅक्लीनला विचारण्यासारखा नाही. तो आपल्या मुलांना विचारण्यासारखा आहे.

उशिरा आलेले एक पुस्तक

सुरुवातीची पुस्तके चांगली आणि नंतरची वाईट, असा सरसकट निकाल देऊन मोकळे व्हावे असे वाटत असतानाच या वर्षी मी 'सान आंद्रेआस' पहिल्यांदा वाचले. १९८४ चे, मृत्यूच्या तीनच वर्षे आधीचे. दुसरे महायुद्ध, तोच गोठलेला समुद्र, मुर्मान्स्कहून परतणारे एक रुग्णालय-जहाज. हल्ल्यात अधिकारी मारले जातात किंवा निकामी होतात. मग जहाज सांभाळतो कोण? मॅकिनन नावाचा बोसन. बोसन म्हणजे आपला सारंग. साहेब नव्हे, खलाशांचा मुकादम. सगळ्यांपेक्षा समुद्र जास्त कळणारा माणूस.

पुस्तक संथ आहे, बोलणे जास्त आहे. 'युलिसिस'च्या पंक्तीला ते बसणार नाही. पण ज्या पाण्यावर तो तरुणपणी कुडकुडला होता तिथे म्हातारपणी परत गेल्यावर त्याच्या हाताला थोडी ऊब आली आहे. मामा २००९ साली गेले. सारंग नायक असलेली ही गोष्ट त्यांना सांगायची राहिली, एवढी एक हळहळ वाटली.

मुलांनी काय वाचावे?

आमच्या वस्तीतल्या वाचनालयात कपाट एकच आहे. कुणी गोणीभर इंग्रजी पुस्तके देणगी दिली की काय ठेवायचे हा प्रश्न दरवेळी पडतो. गोळीबाराची पुस्तके मुलांना कशाला, असेही काही कार्यकर्ते म्हणतात. माझे मत असे की मॅक्लीनची पाच पुस्तके ठेवावीत आणि बाकीची बिनदिक्कत दुसऱ्याला द्यावीत. दहावीनंतरच्या मुलामुलींनी 'नाईट विदाऊट एन्ड'पासून सुरुवात करावी. गोष्ट चटकन धरते, त्यामुळे अडलेला शब्द सोडून पुढे जाता येते. मग 'नॅव्हरोन', मग 'फिअर इज द की', मग 'सान आंद्रेआस'. 'युलिसिस' शेवटी. त्याचे इंग्रजी जड आहे, वाक्ये लांब आहेत, जहाजावरचे शब्द पुष्कळ आहेत. शब्दकोश जवळ ठेवावा आणि रोज दहाच पाने वाचावीत. महिन्या-दीड महिन्यात पुस्तक संपते.

आणि जमल्यास घरातल्या कुणाला तरी ते मराठीत सांगत वाचावे. बांधकामावर गेलेल्या काकांना, कारखान्यातून निवृत्त झालेल्या वडिलांना, रुग्णालयात आयाचे काम करणाऱ्या मावशीला. लेखकाचे नाव सांगू नये. गोष्ट खोटी असेल तर ती माणसे तिसऱ्या पानाला जांभई देतील. खरी असेल तर मध्येच तुम्हाला थांबवतील आणि म्हणतील, थांब, आमच्याकडे पण एकदा असे झाले होते. तेव्हा पुस्तक बाजूला ठेवा आणि वही काढा.